सगळं एकात : दातांच्या साधनाची शाश्वत रचना कशी करायची?

रोजच्या वापरातल्या वस्तू कशा घडतात हे आपण या व्याख्यानांमधून बघतो आहोत. आजची वस्तू अगदीच साधी आहे. सकाळी उठल्यावर जी पहिल्यांदा हातात येते ती.

रचनेच्या विद्यार्थ्यांना एक आव्हान हमखास दिलं जातं. दात घासणं, दोन दातांमधल्या फटी साफ करणं, जीभ साफ करणं आणि पेस्ट लावणं, ही चारही कामं करणारं एकच साधन बनवा, आणि ते पर्यावरणाला भार होणार नाही असं असू द्या. ऐकायला फार छान वाटतं. एक दांडा, त्यात सगळं, प्लास्टिक कमी, प्रवासाला सोयीचं. पण या मागणीतले दोन शब्द एकमेकांशी भांडतात. 'सगळं एकात' आणि 'शाश्वत'. हे भांडण नेमकं काय आहे आणि त्यातून वाट कशी काढायची, हे आज आपण समजून घेऊ.

आधी काम काय आहे ते बघू. साधनाची रचना करायची तर ते कशाशी लढतंय ते माहीत हवं. आपल्याला वाटतं की दात घासतो ते अडकलेले अन्नाचे कण काढायला. ते निघतातच, पण मुख्य काम वेगळं आहे. दातांवर जिवाणूंचा एक चिकट थर सतत जमत असतो, त्याला प्लाक म्हणतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की या थरातले जिवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तिथला पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातले, म्हणजे एनॅमलमधले क्षार विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि क्षार परत बसवते. ही देवाणघेवाण दिवसभर चालू असते. देणं जास्त आणि घेणं कमी झालं की दात किडतो. फ्लोराइड काय करतं, तर क्षार परत बसायला मदत करतं आणि बसलेलं कवच आम्लाला जास्त दाद देत नाही.

म्हणजे आपल्या साधनाची कामं महत्त्वाच्या क्रमाने लावायची तर अशी लागतात. पहिलं, दातांच्या उघड्या बाजूंवरचा थर घासून काढणं आणि त्याच वेळी फ्लोराइड पोचवणं. दुसरं, फटींमधला थर काढणं, कारण ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत आणि हिरड्यांचे विकार बहुतेकदा तिथूनच सुरू होतात. तिसरं, जीभ. जीभ साफ केल्याने मुख्यतः तोंडाचा वास कमी होतो. तेही हवंच, पण पहिल्या दोन कामांच्या बदल्यात नको.

हा क्रम एवढ्यासाठी सांगितला, की पर्यावरणाच्या नादात पहिलं काम सुटलं तर सगळा हिशेब उलटा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात सुमारे 350 कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. याच संघटनेने 2021 मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आता दुसरी बाजू बघा. इंग्लंडमध्ये सरकारी दंतसेवेचा कार्बन हिशेब मांडला गेला, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश उत्सर्जन रुग्णांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या जाण्यायेण्यातून होतं असं दिसलं. एक दाढ किडली की डेंटिस्टकडे चार खेपा, एक्स-रे, भूल, हातमोजे, कॅप, हे सगळं आलं. त्यामुळे न किडलेला दात हाच सगळ्यात पर्यावरणस्नेही दात. जे साधन दहा ग्रॅम प्लास्टिक वाचवतं पण दात नीट घासत नाही, त्याला शाश्वत म्हणता येणार नाही.

आता थोडं मागे जाऊ. 'सगळं एकात' आणि शंभर टक्के कुजणारं साधन आपल्याकडे होतंच की. बाभळीचं किंवा कडुनिंबाचं दातवण. टोक चावून कुंचला करायचा, दात घासायचे, मग काडी मधोमध चिरून तिनेच जीभ खरवडायची आणि फेकून द्यायची. वेष्टण नाही, कारखाना नाही. रचनेच्या दृष्टीने ही फार हुशार वस्तू आहे. पण तिच्या मर्यादाही आहेत. तिच्यातून फ्लोराइड मिळत नाही, मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला ती नीट पोचत नाही आणि जोरात घासलं तर हिरडी सोलली जाते. शिवाय 'जुनं ते सुरक्षित' असंही नसतं. राखुंडीने, कोळशाने किंवा विटेच्या भुकटीने कवच झिजतं. आणि मिश्री म्हणजे तर भाजलेली तंबाखू. आजही आपल्या कितीतरी गावांतल्या बायका ती दातांना लावतात आणि तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हा दातवणाकडून शिकायचं ते एवढंच, की एका वस्तूत दोन-तीन कामं बसवता येतात आणि काम संपल्यावर मागे काही उरत नाही.

नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत 1938 मध्ये बाजारात आला. त्याआधी डुकराचे केस वापरत. नायलॉन स्वस्त होतं, लवकर वाळायचं, एकसारखं होतं. आरोग्याच्या दृष्टीने ती मोठी झेप होती. आजचा ब्रश मात्र बघा. दांडा पॉलिप्रोपिलीनचा, त्यावर पकडीसाठी रबरासारखं दुसरं प्लास्टिक चिकटवलेलं, केस नायलॉनचे, आणि प्रत्येक झुबका भोकात बसवायला धातूची बारीकशी पट्टी. म्हणजे पंधरा-वीस ग्रॅमच्या वस्तूत चार पदार्थ, एकमेकांत घट्ट रुतलेले. आपला भंगारवाला बादली घेतो, तेलाचा डबा घेतो, ब्रश घेत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण ते चार पदार्थ वेगळे करण्याची मजुरी मालाच्या किमतीपेक्षा जास्त आहे.

एक हिशेब करू. चौघांचं घर, तीन महिन्यांनी ब्रश बदलायचा. वर्षाला 16 ब्रश. एक ब्रश 18 ग्रॅमचा धरला तर वर्षाला 288 ग्रॅम आणि दहा वर्षांत जवळपास 2.9 किलो. आता पेस्ट. माणशी एका वेळेला अर्धा ग्रॅम धरली, दिवसातून दोनदा, तर चौघांना रोज 4 ग्रॅम लागते. 150 ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिना चालली. म्हणजे वर्षाला दहाएक ट्यूब. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची नागमोडी पट्टी दाखवतात तशी घेतली तर ट्यूबा दुप्पट-तिप्पट. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तर वाटाण्याएवढी पुरते, आणि त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढीच.

आता येतो आजचा मुख्य मुद्दा. या चार कामांना लागणाऱ्या भागांची आयुष्यं लिहून काढा. फ्लॉसचा धागा एकदा वापरला की संपला. पेस्ट महिनाभर. ब्रशचे केस तीन ते चार महिने. बॅटरी काही वर्षं. स्टीलची जीभ साफ करायची पट्टी किंवा चांगला दांडा, वीस वर्षं सहज. आता हे सगळं एका वस्तूत कायमचं जोडून टाकलं तर काय होईल? ज्या भागाचं आयुष्य सगळ्यात कमी, तेच सगळ्या वस्तूचं आयुष्य ठरेल. केस वाकले की वीस वर्षं टिकणारा दांडाही कचऱ्यात. 'सगळं एकात' आणि 'शाश्वत' यांचं भांडण म्हणतो ते हेच. मराठीत आपण 'टिकाऊ' आणि 'शाश्वत' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पण टिकाऊ दांड्याला तीन महिन्यांचं डोकं चिकटवलं की ती वस्तू टिकाऊही राहत नाही आणि शाश्वतही नाही.

बाजारातल्या काही कल्पना या नजरेने तपासून बघू. पहिली, दांड्यातच पेस्ट भरलेला ब्रश. खालचं चाक फिरवलं की पेस्ट वर येते. प्रवासात गंमत वाटते. पण दांड्यात पेस्ट मावणार किती? शिवाय केसांपाशी उघडणाऱ्या बारीक नळीत पेस्ट वाळते आणि तोंडातलं पाणी आत शिरतं. ती नळी घासून साफ करायला जागाच नसते. जी जागा धुता येत नाही ती तोंडाच्या साधनात ठेवायची नाही, हा आपला नियम असला पाहिजे.

दुसरी कल्पना, तोंडात धरायचं घोड्याच्या नालासारखं यंत्र, जे म्हणे काही सेकंदांत सगळे दात एकदम घासतं. प्रत्येकाच्या जबड्याचा आकार वेगळा, दातांची ठेवण वेगळी. एकाच साच्याचे केस हिरडीच्या कडेला पोचतीलच असं नाही. अशा यंत्राच्या चाचणीत ते साध्या ब्रशपेक्षा मागे पडल्याचं दिसलं आहे.

तिसरी, विजेवरचा ब्रश. इथे जरा जपून बोलायला हवं, कारण तो काम चांगलं करतो. कॉक्रेनच्या 2014 च्या आढाव्यात तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशपेक्षा प्लाक 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी आढळली. पण 2020 मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये चार प्रकारच्या ब्रशांच्या जीवनचक्राची तुलना आली. साधा प्लास्टिकचा, बांबूचा, डोकं बदलता येणारा प्लास्टिकचा आणि विजेवरचा. पर्यावरणाच्या 16 पैकी 15 निकषांवर विजेवरचा सगळ्यात भारी पडला. बांबूचा आणि डोकं बदलता येणारा प्लास्टिकचा हे दोघं सगळ्यात हलके ठरले. हे नीट लक्षात घ्या. बदलतं डोकं असलेलं साधं प्लास्टिक बांबूच्या पंगतीला बसलं.

विजेच्या ब्रशाचा आणखी एक हिशेब. मोटर दोन वॅटची धरली आणि रोज चार मिनिटं चालवली, तर वर्षाला साधारण 49 वॅट-तास होतात. म्हणजे एका युनिटचा विसावा भाग. पण चार्जरचा तळ वर्षभर प्लगला लावून ठेवला आणि तो सतत एक वॅट खात राहिला, तर वर्षाला 8.76 युनिट. घासायला लागणाऱ्या विजेच्या सुमारे 180 पट वीज नुसतं वाट बघण्यात! तळ आठवड्यातून एकदाच लावला तर हा सगळा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. ही वापरणाऱ्याची सवय झाली. पण चार्जर बॅटरी भरल्यावर आपोआप तुटेल अशी व्यवस्था करणं ही रचनाकाराची जबाबदारी.

बॅटरीचं दुखणं मोठं आहे. पाणी शिरू नये म्हणून दांडा कायमचा सील करतात आणि बॅटरी मेली की सगळंच जातं. युरोपीय संघाचा 2023 चा कायदा सांगतो, की फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत. पण पाण्यात वापरायच्या उपकरणांना त्यात सवलत आहे, तिथे बॅटरी कारागिराला काढता आली तरी चालते. म्हणजे कायद्याने दार अर्धंच उघडलंय. उरलेलं रचनाकाराने उघडायचं. आट्यांचं झाकण आणि बदलता येणारा रबरी वॉशर ही काही नवी विद्या नाही, आपल्या प्रेशर कुकरच्या झाकणालाही वॉशर असतो आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

मग आमच्या मते रचना कशी असावी? सूत्र असं, की भाग एकत्र नांदावेत, पण एकमेकांना चिकटू नयेत.

मधोमध एक दांडा. एकाच पदार्थाचा, स्टीलचा किंवा निव्वळ पॉलिप्रोपिलीनचा. वर रबराची पकड चिकटवायची नाही, दांड्यालाच खाचा पाडायच्या. दांडा जरा जाड ठेवायचा. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला बारीक दांडा धरता येत नाही, जाड येतो. आणि जाड दांड्याने धडधाकट माणसाची काहीच गैरसोय होत नाही.

त्या दांड्यावर खटक्याने बसणारी तीन डोकी. एक ब्रशाचं, साधारण तीन ग्रॅमचं. दुसरं फटींसाठी, बाटली घासायच्या ब्रशाच्या अगदी छोट्या आवृत्तीसारखं. फ्लॉसचं रीळ दांड्याच्या पोटात ठेवायचा मोह होतो, पण पोकळ दांड्यात ओल राहते. म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येणारा फटींचा ब्रश बरा. अर्थात दातांची फट फारच अरुंद असेल तर धागाच लागतो. तिसरं जिभेसाठी, स्टीलची वाकवलेली पट्टी, ती जन्मभराची. जोडाच्या जागी पाणी साचू नये म्हणून आरपार भोक हवं. आणि डोकं लहान मुलाच्या हातून सहज निघता कामा नये, नाहीतर ते घशात अडकायचं.

पेस्ट मात्र बाहेरच. तिला दांड्यात कोंबायची गरज नाही. 2019 मध्ये कोलगेटने एकाच प्रकारच्या प्लास्टिकची, पुनर्वापर करता येणारी ट्यूब आणली आणि ते तंत्र इतर कंपन्यांनाही खुलं केलं. त्याआधीच्या बहुतेक ट्यूबांमध्ये प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकत्र असत. डबीत मिळणाऱ्या पेस्टच्या गोळ्याही चालतील, पण डबीवर फ्लोराइडचं प्रमाण 1000 ते 1500 पीपीएम आहे ना, ते वाचून घ्या. कितीतरी 'नैसर्गिक' गोळ्यांत ते नसतंच.

आता परत त्या चौघांच्या घराचा हिशेब. ब्रशाची वर्षाला 16 डोकी, तीन ग्रॅमची. म्हणजे 48 ग्रॅम. दहा वर्षांत 480 ग्रॅम, अधिक वीस-वीस ग्रॅमचे चार दांडे. एकूण 560. आधी होते 2880. साधारण पाचवा भाग.

पण या सगळ्याला एक मोठी अट आहे. दहा वर्षं डोकी मिळाली पाहिजेत. कंपनीने जोड बदलला किंवा धंदा बंद केला, की वीस वर्षांचा दांडा दुसऱ्या दिवशी कचरा होतो. आपल्या घरातला पिनवाला बल्बचा होल्डर आठवा. कोणत्याही कंपनीचा बल्ब आणा, बसतो. पिवळ्या दिव्याच्या जागी एलईडी आला तरी होल्डर तोच राहिला. उलट प्रिंटरच्या शाईची डबी आठवा, ज्याचा प्रिंटर त्याचीच डबी. ब्रशाचा जोड बल्बच्या वाटेने जाणार की प्रिंटरच्या, यावर सगळं अवलंबून आहे. जोडाचं माप खुलं ठेवायचं, ते कुणालाही बनवू द्यायचं, हा निर्णय प्लास्टिकच्या निवडीपेक्षा मोठा आहे. आणि तो नफ्याच्या गणिताला टोचणारा असल्यामुळे आपोआप होणार नाही. गिऱ्हाइकांनी, सरकारी खरेदी करणाऱ्यांनी आणि मानकं ठरवणाऱ्यांनी तो मागावा लागेल.

आता श्रोत्यांकडून आलेले काही प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न : बांबूचा ब्रश घेतला की प्रश्न सुटला ना?

बराचसा हलका होतो, पण सुटत नाही. बहुतेक बांबूच्या ब्रशांचे केस नायलॉनचेच असतात. खतात टाकण्यापूर्वी डोकं मोडून वेगळं करावं लागतं. आणि बांबू ओला राहिला तर बुरशी धरतो, म्हणून तो कोरड्या जागी उभा ठेवा. घरी आधीच प्लास्टिकचा ब्रश असेल तर तो पुरता वापरून मगच बदला.

दुसरा प्रश्न : मक्यापासून बनवलेलं कुजणारं प्लास्टिक का वापरू नये?

त्या प्लास्टिकला, म्हणजे पीएलएला, कुजायला साधारण 60 अंश सेल्सिअसची सततची ऊब लागते. ती औद्योगिक खत प्रकल्पात मिळते. गच्चीवरच्या कुंडीत किंवा परसातल्या खड्ड्यात नाही. तिथे तो ब्रश वर्षानुवर्षं तसाच पडून राहील. शिवाय इतर प्लास्टिकमध्ये मिसळला तर त्यांचाही पुनर्वापर बिघडवतो.

तिसरा प्रश्न : अर्धांगवायू झालेल्या सासूबाईंचे दात आम्ही घासतो. त्यांच्यासाठी विजेवरचा घेतला तर तुमच्या हिशेबाने चूक का?

अजिबात नाही. ज्यांचा हात नीट हलत नाही, किंवा ज्यांचे दात दुसरं कुणी घासतं, त्यांच्यासाठी विजेवरचा ब्रश मोठा आधार आहे. 16 पैकी 15 निकष हे सगळ्यांनी सरसकट काय वापरावं यासाठी आहेत. ज्याला गरज आहे त्याच्याकडून साधन काढून घेण्यासाठी नाहीत. घेताना बॅटरी बदलता येते का आणि डोकी सुटी मिळतात का, एवढं विचारा. आणि चार्जरचा प्लग काढून ठेवा.

शेवटचा प्रश्न : नवीन काहीच विकत न घेता आजपासून काय करता येईल?

तीन गोष्टी. नळ बंद ठेवून पेलाभर पाणी घ्या. मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ दोन वेळा दोन-दोन मिनिटं चालू राहिला तर माणशी 24 लिटर जातात. पेस्ट कमी घ्या. आणि घासून झाल्यावर फेस थुंका, पण भरपूर पाण्याने चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहील. पाणी वाचतं, पेस्ट वाचते आणि दातही वाचतात.